तीन भाडेकरू की चार

आमच्या घरात कुठलीही वस्तू येण्याआधी तिचा अभ्यास येतो. वस्तू नंतर येते, कधी कधी येतच नाही. मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा मी पात्यांच्या पोलादावर इतकं वाचलं की बायकोने मधल्या काळात माहेरून खलबत्ता आणला. गादीच्या वेळी तर आम्ही बरेच दिवस सतरंजीवर झोपलो, आणि शेवटी पाठ दुखायला लागली म्हणून तिनेच एक गादी आणून टाकली. तिच्यावर मला आजही उत्तम झोप लागते, पण मी ते कबूल करत नाही.

हा माझा गुण आहे असं मी समजत आलो. विम्याच्या कचेरीत आयुष्य गेलं. तिथे बारीक अक्षर वाचणाऱ्या माणसाला मान होता. निवृत्त झालो आणि डोंबिवलीच्या घरात वाचायला पॉलिसी उरल्या नाहीत, तेव्हा मी खोक्यांवरचं बारीक अक्षर वाचायला लागलो.

बायको शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतर तिने मात्र माझ्यासारखा निरुद्योगी अभ्यास न करता कामाचं काहीतरी धरलं. ती अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला माइक लावायचा, पंखा बंद करायचा, खिडकी लावून घ्यायची, दारावर गोधडी सोडायची आणि वाचायचं. चुकली की ती टेबलावर बोटाने दोनदा टकटक करते आणि ते वाक्य पुन्हा वाचते. नंतर ती टकटक शोधून मागचं चुकलेलं कापून टाकते. कापायच्या गोष्टींत भाजीवाला असतो, कुकरच्या शिट्ट्या असतात आणि मी असतो. सगळ्यात जास्त कापाकापी माझी असायची.

त्या वर्षी तिच्याकडे शीळफाट्यापलीकडच्या एका गावातली मुलगी होती. जन्मापासून दिसत नव्हतं. कल्याणच्या कॉलेजात बीए करत होती. बाकी सगळे विषय सुटले होते, इतिहासाचा एकच पेपर राहिला होता, आणि तो राहिला होता कारण त्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं. परीक्षा दिवाळीनंतर होती. पेपर सुटला की पदवी हातात आणि बीएडचा मार्ग मोकळा. नाही सुटला तर आणखी एक वर्ष घरात. "काकू, आता घरात बसवत नाही हो," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. बायकोने ते पुस्तक त्याच दिवशी वाचायला घेतलं.

अडचण होती कॉम्प्युटरची. आमचा डेस्कटॉप जुना, आत फिरत्या चकतीची हार्ड डिस्क. बटण दाबायचं, चहा टाकायचा, पिऊन कप विसळायचा, तरी पडद्यावरचं ते गोल फिरतच असायचं. रेकॉर्डिंग चालू असताना तो मध्येच गप्प व्हायचा आणि वाचलेली पानंच्या पानं हवेत जायची. बायको वैतागली.

"ते एसएसडी का काय असतं ना, ते आणा," ती म्हणाली. "शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरना बसवलं होतं. एकदम पळायला लागले."

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो, "माझ्यावर सोड."

पुढे जे जे झालं त्या सगळ्याचं मूळ या शेवटच्या दोन शब्दांत आहे.

मी बसलो वाचायला. पहिल्याच दिवशी कळलं की एसएसडी ही एक वस्तू नसून एक कुळ आहे. एक प्रकार पत्त्यांच्या कॅटाएवढा, पण चपटा, वायरने जोडायचा. त्याला साटा म्हणतात. दुसरा च्युइंगगमच्या पट्टीएवढा, सरळ मदरबोर्डवरच्या खाचेत बसवायचा. तो एनव्हीएमई, आणि तो पहिल्याच्या कितीतरी पट वेगवान. हे दुपारपर्यंत समजलं. इथे शहाण्या माणसाने थांबून बाजारात जायचं असतं. पण संध्याकाळी मला कळलं की पट्टीच्या आतसुद्धा दोन जाती आहेत, टीएलसी आणि क्यूएलसी, आणि मग माझी झोप उडाली.

प्रकार असा की एसएसडीच्या आत माहिती ठेवायच्या बारीक बारीक खोल्या असतात. टीएलसीमध्ये एका खोलीत तीन भाडेकरू राहतात, क्यूएलसीमध्ये चार. चार राहिले की जागा स्वस्त पडते, पण भांडणं वाढतात आणि भिंती लवकर खराब होतात. ही उपमा माझी स्वतःची आहे. ती सुचली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तडक गोधडी बाजूला करून आतल्या खोलीत गेलो. बायको रयतवारी पद्धतीवर वाचत होती.

"अगं, समजा एका खोलीत तीन भाडेकरू आहेत..."

टेबलावर दोनदा टकटक झाली.

"अहो, गप्प बसा ना जरा!"

हे पुढे रोजचं झालं. मी फोनवर व्हिडिओ बघायचो आणि काही नवीन कळलं की मला ते कुणाला तरी सांगायचं असायचं. घरात दुसरं कोणी नव्हतं. ड्राइव्ह तापतो म्हणून त्याला वरून धातूचं पांघरूण लागतं, हे मी तिला मिठाच्या कायद्याच्या वेळी सांगितलं. लिहून लिहून ड्राइव्हचं आयुष्य संपतं, हे फाळणीच्या प्रकरणात. त्याचा मी हिशोबही केला. माझ्या वापराने तो ड्राइव्ह मी गेल्यानंतरही बराच काळ चालला असता, तरी मला त्याच्या आयुष्याची चिंता लागून राहिली होती. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांचं मत क्यूएलसीच्या बाजूने होतं. आम्ही जिन्यात उभं राहून वाद घालायचो, आणि तो जिना नेमका आतल्या खोलीच्या भिंतीला लागून आहे.

या काळात मी बायकोला आणखी एक सल्ला दिला. ती एकेक प्रकरण साफ करून त्या मुलीला पाठवणार होती. मी म्हणालो, "आत्ता पाठवू नकोस. या डबड्यावरून पाठवायला तास तास लागतो. नवा ड्राइव्ह आला की सगळं पुस्तक एकदम पाठवू, सुटसुटीत." ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा ती ऐकते आहे असं मी लग्नापासून धरून चाललो आहे.

निर्णय झाला तेव्हा भाद्रपद संपत आला होता. तीन भाडेकरूवाली, पांघरुणासकट, वेगवान पट्टी. पण नेमका पितृपक्ष लागलेला. मी स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवतो, जिन्यात उभं राहून तसं बोलतोही. पण नवी वस्तू पक्ष पंधरवड्यात घ्यायला हात धजेना. बायको म्हणाली, "माझे सासू-सासरे वरून एसएसडीवर कशाला रागावतील?" मी म्हणालो, "श्रद्धेचा प्रश्नच नाही. दसऱ्याला सेल लागतात." दोन्हीकडून सुटका झाल्याच्या आनंदात मी पंधरवडाच काय, नवरात्रही घालवलं.

खरेदीसाठी मी ठाण्याला नौपाड्यात गेलो. आमच्या मानपाडा रोडवर कॉम्प्युटरची दुकानं आहेत, पण माझा जन्म नौपाड्यातला. सोनं, चप्पल, दातांचा डॉक्टर आणि आता एसएसडी, चांगलं ते नौपाड्यातच मिळतं अशी माझी समजूत आहे. ती बायकोने अनेकदा तोडली तरी परत फुटते. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, करता काय तुम्ही कॉम्प्युटरवर?"

"बायको पुस्तकं वाचते. रेकॉर्डिंग."

"मग काहीही घ्या. साटा घ्या, सगळं सेमच वाटणार तुम्हाला."

मला त्या माणसाची कीव आली. मी माझी पट्टी घेतली. कॅबिनेट घेऊन या, बसवून देतो, असंही तो म्हणाला. मी नको म्हटलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर स्वतःच्या हाताने बसवण्यात जी मजा आहे ती त्याला काय कळणार!

दसऱ्याला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा होते. माझे वडील लेखणीची करायचे, मी कॉम्प्युटरची करतो. नेहमी कॅबिनेटवर कुंकवाचं एक बोट आणि झेंडूचं फूल. या वर्षी पाटावर ती पट्टी होती. हिरवी, चिमुकली, एका टोकाला सोन्यासारख्या पिवळ्या बारीक दातांची ओळ. एवढ्या अभ्यासाचं फळ समोर बघून मला भरून आलं. मी हळदीत पाणी घातलं, कुंकू कालवलं आणि तिला बोटभर लावलं. कुठे लावलं? तर तिचा जो भाग मला सगळ्यात सुंदर वाटला तिथे, त्या सोनेरी दातांवर. वरून अक्षता टाकल्या. वरचे इंजिनियर आपट्याची पानं द्यायला आले होते. तेही हात जोडून उभे राहिले. त्यांचं शिक्षण आणि माझा अभ्यास एकत्र केला तर खूप निघेल, पण त्या दातांतूनच वीज जाते, हे त्या क्षणी दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

मग कॅबिनेट उघडून मी पट्टी खाचेत बसवली आणि बटण दाबलं. जुना ड्राइव्ह नेहमीप्रमाणे घुरघुरत उठला. नवा काही केल्या दिसेना. मी बंद करून पट्टी काढली, ओल्या फडक्याने पुसली, परत घातली. ओल्या फडक्याने! तरी दिसेना. इंजिनियर म्हणाले, "लूज कनेक्शन असणार." आणि आमच्या पिढीच्या माणसाला लूज कनेक्शन म्हटलं की एकच उपाय माहीत असतो. लहानपणी टीव्हीवर मुंग्या आल्या की आम्ही वरून थाप मारायचो आणि चित्र यायचं. चालू कॉम्प्युटरवर, बाजूने, मी तळहाताने एक सणसणीत थाप मारली.

नवा ड्राइव्ह दिसला नाही. जुन्याने मात्र टक असा आवाज केला. मग परत टक. मग पडदा निळा झाला आणि त्यानंतर तो कधीच उठला नाही. फिरत्या चकतीला धक्का चालत नाही, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं, आणि ते बायकोला मोठ्याने सांगितलंही होतं, बहुतेक सत्तावनच्या उठावाच्या वेळी.

तिच्या वाचलेल्या पुस्तकाचा निम्म्याहून जास्त भाग त्या चकतीवर होता. साफ केलेला, कापलेला, माझ्या सल्ल्याप्रमाणे कुणालाही न पाठवलेला.

इंजिनियर पानं ठेवून निघून गेले. बायको दारात उभी होती. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "श्रीखंड गरम होतंय, जेवून घ्या." आयुष्यात इतकं आंबट श्रीखंड मी खाल्लं नाही, आणि दोष श्रीखंडाचा नव्हता. सारखी ती मुलगी डोळ्यांसमोर येत होती, जिला मी पाहिलंसुद्धा नव्हतं. आणखी एक वर्ष तिला घरात बसवायचं काम मी एका थापेत केलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण अवलक्षण दुसऱ्याच्या कपाळी गेलं याची मला खरोखर शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी बायकोने कॅबिनेट रिक्षात घातलं आणि मानपाडा रोडवर घेऊन गेली. मी बरोबर येऊ का विचारलं. "नको," ती म्हणाली, "तुम्ही आलात की अभ्यास होतो." दुपारी परत आली तेव्हा कॉम्प्युटर चालत होता. बटण दाबलं आणि मी चहाकडे वळेपर्यंत पडदा तयार. जुन्या चकतीवरचं मात्र काही निघालं नव्हतं.

"मी ती गेलेली प्रकरणं वाचतो," मी म्हणालो. "तू पुढचं वाच. मी फोनवर रेकॉर्ड करतो."

तिने पुस्तकाची वाचून झालेली पानं सुटी करून माझ्या हातात दिली. "वाचा," म्हणाली.

मग दिवाळीपर्यंत आमच्या घरात दोन दारांवर दोन गोधड्या लोंबत होत्या. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद, आणि मी हॉलमध्ये बनियनवर रयतवारी वाचतो आहे. मला वाटलं होतं, वाचणं ते काय! पहिल्याच पानावर जीभ अडखळली. मी टेबलावर टकटक केली. परत वाचलं. खाली भाजीवाला मेथी म्हणून ओरडला, परत वाचलं. एकदा सबंध पान न चुकता होत आलेलं, आणि बायकोने दार उघडून विचारलं, "चहा टाकू का?" मला इतका संताप आला की मी "गप्प बस ना जरा!" म्हणालो. ती हसून दार लावून गेली. चहा आला नाही.

साफ कसं करायचं ते तिने शिकवलं. मी इतकं साफ केलं की श्वाससुद्धा ठेवले नाहीत. फटाके सुरू व्हायच्या आत माझी प्रकरणं त्या मुलीला गेली, बायकोची पुढचीही गेली. दिवाळी झाली, परीक्षा झाली. निकाल लागेपर्यंत मी त्या विषयावर घरात एक शब्द काढला नाही.

निकालानंतर एका रविवारी ती मुलगी वडिलांबरोबर पेढे घेऊन आली. पास झाली होती, आणि नुसती पास नाही, त्या पेपरात चांगले गुण होते. वडील स्कूटर लावून वर आले, दारातच उभे राहून "पोरीचं झालं बघा," म्हणाले आणि पंच्याने डोळे पुसायला लागले. मुलगी मात्र हसत होती. तिने बायकोचा आवाज ऐकून बरोबर तिच्या दिशेने पेढ्यांचा पुडा धरला. मग माझा आवाज ऐकला आणि एकदम म्हणाली, "काका! तुम्हीच ना ते? तीन भाडेकरू?"

मला काही कळेना. बायकोची ती प्रकरणं तर चकतीबरोबर गेली होती. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये भाडेकरू नव्हते, मी श्वाससुद्धा कापले होते.

बायको पाणी आणायच्या निमित्ताने उठली. मी म्हणालो, "थांब. हिला ते कुठे मिळालं?"

"मी वाचलं की त्याच दिवशी पाठवायचे," ती म्हणाली. "माइकशेजारी फोनही चालू ठेवायचे. साफबिफ न करता, जसं आहे तसं, फोनवरून. पोर वाट बघत होती. तुमचा ड्राइव्ह कधी येणार ते देवाला माहीत."

"म्हणजे काही गेलंच नव्हतं?"

"गेलं ना. साफ केलेलं गेलं."

"मग मला पंख्याशिवाय इतके दिवस वाचायला का लावलंस?"

"तुम्हाला काहीतरी करायचं होतं," बायको म्हणाली. "आणि तुम्ही वाचत होतात तेवढे दिवस घर शांत होतं. माझं सगळं पुस्तक पुरं झालं."

मुलगी हसत सुटली. तिचे वडीलही हसले, काय चाललंय ते न कळता. मला राग यायला हवा होता. आला नाही. दसऱ्यापासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि मीही हसायला लागलो.

"तुमचं पण ऐकलं मी काका," मुलगी समजुतीने म्हणाली. "चांगलं होतं. एकदम क्लिअर. पण लक्षात नाही राहिलं. काकूंचं राहिलं. पेपरात रयतवारी आलेली ना, मला लगेच आठवलं, तीन भाडेकरूच्या आधीचं पान. मीठ म्हणजे पांघरूण. फाळणीला तुम्ही म्हणालेलात ना, लिहून लिहून मरतो म्हणून? मी परीक्षेच्या हॉलमध्ये एकटीच हसले. माझा पेपर लिहिणारी रायटर म्हणाली, काय गं, काय झालं?"

बायको पेढ्याचा पुडा उघडण्यात गुंतली होती. तिने वर पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते.

"मी ते डिलीट नाही केलं," मुलगी म्हणाली. "बीएडला पण ठेवणारे. बोअर झालं की ऐकते. आमच्याकडे सगळ्यांना माहितीये. पप्पापण विचारतात, मग त्या माणसाने घेतलं की नाही? एक सांगा ना काका, शेवटी कुठला घेतलात?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तो प्रश्न खरोखर उत्तर ऐकायला विचारत होतं. मी उत्साहाने तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की आत काय बसवलंय ते मला ठाऊकच नाही. दसऱ्यानंतर मी विचारलंच नव्हतं. माझी पट्टी कुंकवासकट देव्हाऱ्याच्या खणात पडली होती.

"मला नाही माहीत गं," मी म्हणालो.

मुलीने आवाजाच्या अंदाजाने मान बायकोकडे वळवली.

"म्हणजे काकूंनी घेतला," ती म्हणाली, आणि पेढ्यासाठी हात पुढे केला.